सावंतवाडीहून बाबांसाठी

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुट्टीत कुठं जायचं हा प्रश्न दर वर्षी तुमच्या-आमच्या घरात निघतो. थंड हवेची ठिकाणं खिशाला परवडत नाहीत, माहेरी मुलांना आता पूर्वीसारखं करमत नाही, आणि घरी ठेवलं तर दिवसभर हातात मोबाईल. यावर मी एक गाव सुचवणार आहे. गाव तळकोकणातलं आहे, सावंतवाडी. पण नुसतं गाव बघून या असं काही मी म्हणत नाही. तिथं मुलांना हाताची करामत दाखवा, आणि घरी आल्यावर त्यांच्याच हातांनी त्यांच्या बाबांसाठी एखादी वस्तू होऊ द्या.

आता तुम्ही म्हणाल, सहलीचा आणि बाबांचा काय संबंध? सांगते. आईसाठी मुलं येता-जाता काही ना काही करत असतात. शाळेतून येताना चाफ्याचं फूल आणतील, कागदावर घर, डोंगर, सूर्य काढून 'आईस' म्हणून देतील. बाबांच्या वाट्याला काय येतं? वाढदिवसाला शर्टाचं कापड, नाही तर पाकीट, नाही तर पेन. तेही आणायचं आपण, बहुधा बाबांच्याच पैशांनी, आणि द्यायचं मुलांच्या हातून. बाबा 'वा, छान!' म्हणतात आणि कपाटात ठेवून देतात. संपली भेट!

अलीकडे आपल्याकडेही जूनच्या तिसऱ्या रविवारी 'फादर्स डे' पाळू लागले आहेत. तो मूळचा अमेरिकेतला. सोनोरा डॉड नावाच्या बाईंची आई बाळंतपणात गेली होती. सोनोरा आणि तिच्या पाच धाकट्या भावांना वडिलांनीच वाढवलं. अशा वडिलांचा मान व्हावा म्हणून तिनं खटपट केली आणि १९ जून १९१० रोजी स्पोकेन शहरात हा दिवस पहिल्यांदा साजरा झाला. तिकडच्या कायद्यानं त्याला कायमची मान्यता दिली ती मात्र १९७२ साली. दुकानदारांनी आता या दिवसाचा बाजार केला आहे, हे खरं. पण मुळात तो एका लेकीनं आपल्या वडिलांसाठी मागितलेला दिवस आहे, एवढं लक्षात ठेवावं. आपल्याला तर तो सोयीचाच पडतो. मे महिन्यात मुलांना वेळ असतो, त्यामुळे वस्तू बरोबर मुहूर्तावर तयार होते. आणि तो दिवस नसेल पाळायचा, तर वाढदिवस आहे, दिवाळीचा पाडवा आहे. घरच्या माणसाला काही द्यायला पंचांग कशाला बघायचं?

घाट उतरून खाली

आम्ही सांगलीचे. आमचे 'हे' साखर कारखान्यात यंत्रं सांभाळतात. लोकांना वाटतं, गाळप हंगाम संपला की कारखान्यातली माणसं मोकळी. उलट असतं. चाकं थांबली की यंत्रं उघडायची, झिजलेले भाग बदलायचे, पुढच्या हंगामाची तयारी करायची. उन्हाळ्यातच यांना काम जास्त. गेल्या वर्षीही रजा मिळाली नाही. "तुम्ही तिघं जाऊन या, मला येताना काजू आणा," असं म्हणून यांनी आम्हाला कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं.

बरोबर नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली थोरली आणि चौथीतून पाचवीत गेलेला धाकटा. थोरलीला पुढं शिकायला पुण्याला ठेवायचं घाटत होतं. तेव्हा चौघांच्या घरातली ही शेवटची लांबलचक सुट्टी, हे माझ्या मनात होतं. बोलले नव्हते कुणाशी.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत एस.टी. सावंतवाडीला उतरते. आंबोलीपर्यंत देशावरची हवा. मग घाटाची वळणं सुरू झाली की मुलांना खिडकीशी बसवा आणि पिशवीत लिंबू किंवा आवळासुपारी ठेवा. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटर. खाली उतरता उतरता माती लाल होते, घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या दिसू लागतात, आणि हवा अशी दमट की पदर मानेला चिकटतो. मुंबईकडच्या मैत्रिणींना कोकण रेल्वे सोयीची. १९९८ साली हा मार्ग पूर्ण झाला. मात्र 'सावंतवाडी रोड' स्टेशन गावात नाही, थोडं लांब आहे. तिथून रिक्षा करावी लागते. सुट्टीत गाड्यांना फार गर्दी, तेव्हा तिकिटं आधी काढलेली बरी.

आम्ही उतरलो माझ्या मावसबहिणीकडे. तिनं पहिल्याच दिवशी मुलांच्या पुढ्यात घावणे आणि नारळाचा रस ठेवला. मग काय, गाव बघायच्या आधीच मुलं गावाच्या बाजूची झाली!

सावंतवाडी तसं लहानसं संस्थानी गाव. मधोमध मोती तलाव, त्याच्या काठानं रस्ता, एका बाजूला राजवाडा, मागं नरेंद्र डोंगर. संध्याकाळी तलावाच्या कट्ट्यावर सगळं गाव वाऱ्याला येऊन बसतं. आपणही बसावं. शेंगदाणे घ्यावेत. इथं कुणाला घाई दिसत नाही, आणि दोन दिवसांत आपलीही घाई कमी होते.

चितारआळी

गावाचं खरं वैभव चितारआळीत. रंगकाम करणारे चितारी इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांच्यावरून आळीला हे नाव पडलं. दुकानांत लाकडाची फळं मांडलेली असतात. आंबा, केळी, सीताफळ, फणसाचा गरा, लाल भडक मिरची, अगदी कापलेलं कलिंगडसुद्धा. शिवाय भातुकली, पोळपाट-लाटणं, रंगीत पाट, चौरंग, पाळण्यावरचं खेळणं. फळांसाठी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात. म्हणून हातात घेतलं की डोळ्यांना वाटतं त्याच्या निम्मंही वजन लागत नाही.

धाकट्यानं एक सीताफळ उचललं तशी मी ओरडले, "ठेव ते खाली!" दुकानातल्या वयस्कर बाई हसून म्हणाल्या, "लावूंदे गे पोरांक हात, काय मोडणा नाय." शहरातल्या दुकानात मुलांना हात लावू देत नाहीत. इथं हात लावल्याशिवाय कळतच नाही.

जमलं तर मुलांना कातकामही दाखवा. लाकडाचा तुकडा यंत्रावर गरगर फिरत असतो, कारागीर त्याला हत्यार लावून गोल आकार देतो. मग रंगीत लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर नुसती दाबून धरतो. घासण्यानं उष्णता येते, लाख वितळते आणि लाकडावर सारखी बसते. ब्रश नाही, डबा नाही. रंग बसताना आपल्या डोळ्यांसमोर दिसतो. थोरली, जिला आताशा घरातलं काहीच विशेष वाटत नाही, ती तिथून अर्धा तास हलली नाही.

दुकानात भाव फार पाडू नये, असं आपलं माझं मत. एका लहान फळालाही कातणं, घासणं, रंगवणं एवढे हात लागतात. मोलमजुरीचा हिशेब आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको.

गोल पत्ते

दुसऱ्या दिवशी राजवाडा. जांभ्या दगडाचा, ऐसपैस. आता त्याच्या एका भागात पाहुण्यांना उतरण्याची सोय केलेली आहे, आणि दरबाराच्या दालनात गंजिफा रंगवण्याचं काम पाहता येतं. आत जाण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

गंजिफा म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ. आपले नेहमीचे पत्ते चौकोनी आणि ५२, हे मात्र गोल. मुघल गंजिफात आठ रंगांचे ९६ पत्ते असतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे १२०. बारांपैकी एक राजा, एक प्रधान, आणि बाकीचे एक्क्यापासून दश्शीपर्यंत. हे आकड्याचे पत्ते ओळखायचे कसे? तर प्रत्येक अवताराची एक खूण ठरलेली. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाचा परशू. पंज्यावर पाच मासे, सत्तीवर सात. आकडा वाचता येत नसला तरी खेळता येईल.

तिसऱ्या खेम सावंतांच्या राजवटीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, हा खेळ इथं रुजला असं सांगतात. पुढं छापील पत्ते आले, स्वस्त मिळू लागले, आणि हाताचे पत्ते मागणारं कुणी उरलं नाही. १९७० च्या सुमारास पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांच्या हातात ही विद्या तेवढी शिल्लक होती. तेव्हा शिवरामराजे भोंसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं. ते स्वतः शिकायला बसले, राजवाड्यातच काम सुरू केलं, गावातल्या नव्या मुलामुलींना शिकवलं. राणीसाहेब २०१८ साली गेल्या, पण काम चालू आहे, आणि २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं वेळेवर दुसऱ्यांनी घेतलं, म्हणून आज आपल्याला दिसतंय. दहा वर्षं उशीर झाला असता तर?

सगळं पाहून बाहेर पडताना धाकट्यानं विचारलं, "आई, माशाचा देव मासा, कासवाचा कासव. मग बाबांची खूण काय?"

थोरली चटकन म्हणाली, "मोबाईल."

"तो तर सगळ्यांचाच असतो," धाकटा म्हणाला. "फक्त बाबांची सांग."

दोघंही गप्प. कट्ट्यावर येऊन बसलो तरी उत्तर सापडेना. सकाळी मुलं उठायच्या आत यांची ड्यूटी, रात्री हे येतात तेव्हा मुलं पेंगुळलेली. मुलांना बाबांची सही येते, गाडीचा नंबर पाठ आहे, रागवले की कसे दिसतात ते माहीत आहे. पण आपल्या बाबांचं असं खास काय, ते सांगता येईना. मी सांगू शकले असते. पण सांगितलं नाही. म्हटलं, घरी गेलो की आठ दिवस नुसतं बघा. विचारायचं नाही, बघायचं.

मैत्रिणींनो, या सगळ्या लेखातली महत्त्वाची गोष्ट ही एवढीच आहे. बाबांसाठी वस्तू करायची तर आधी बाबा बघायला लागतात. पुढं वस्तू वेडीवाकडी झाली तरी चालेल.

घरी करायचे गंजिफा

आता कृती सांगते. सावंतवाडीला जाणं नाही जमलं तरी हे करता येईल.

साहित्य सगळं घरातलं. जुन्या लग्नपत्रिका, आणि त्या कुणाच्या घरी नसतात? वाटी, कात्री, पोस्टर रंग, बारीक ब्रश आणि खळ. खळ चिंचोक्याची केली तर उत्तम, कारण गंजिफाच्या जुन्या कामात चिंचोक्याचीच खळ असते. मूठभर चिंचोके भाजून टरफलं काढा, रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी बारीक वाटून पाण्यात घट्टसर शिजवा. गुठळ्या राहिल्या तर गाळून घ्या. भाजायचं आणि शिजवायचं काम आपण करावं, टरफलं मुलांनी सोलावीत. एवढा व्याप नको असेल तर मैद्याची खळ करा. खळ दोन-तीन दिवसांत संपवा, उन्हाळ्यात वास येतो.

लहान वाटी उपडी ठेवून पत्रिकेवर गोल काढा. एका पत्त्याला तीन गोल लागतात, म्हणजे बारा पत्त्यांना ३६. तीन-तीन गोल खळीनं एकावर एक चिकटवा. छापील बाजू आत घ्या, म्हणजे 'चि.' आणि 'सौ. कां.' दिसणार नाहीत. पाटाखाली किंवा जाड पुस्तकांखाली दाबून रात्रभर ठेवा, मग सावलीत पूर्ण वाळवा. थेट कडक उन्हात ठेवलेत तर पापडासारखे वळतात. वाळल्यावर कडा काचपेपरनं घासा. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा हात द्या. तो वाळला की कडेनं एक रेघ, आणि मध्ये खूण.

खूण एकच. बाबांची. एक्क्यावर एक, दुर्रीवर दोन, अशी दश्शीपर्यंत. राजा म्हणजे बाबा. प्रधान कोण ते मुलांना ठरवू द्या. शेवटी पारदर्शक वार्निशचा हात मोठ्यांनी द्यावा, खिडकी उघडी ठेवून. मिठाईच्या रिकाम्या खोक्याला रंग देऊन त्यात पत्ते ठेवावेत.

लहान मुलांना आणखी एक गंमत सुचवा. प्रत्येक पत्त्याच्या मागं एक काम लिहायचं. बुटांना पॉलिश, गाडी पुसणं, पाय चेपून देणं, रविवारी वर्तमानपत्र वाचून दाखवणं. बाबांनी पत्ता टाकला की ते काम मुलानं करायचं. मागच्या बाजूला लिहिल्यामुळं खेळताना पत्ते ओळखू येतील, ते खेळाच्या नियमाला सोडून आहे. असू दे. बाबा काही पैसे लावून खेळणार नाहीत.

करवंटीची वाटी

पुरुषमाणसं घरी आली की खिशातली चिल्लर, किल्ल्या, पावत्या फ्रिजवर नाही तर टीव्हीवर टाकतात. त्यासाठी ही वाटी. नारळ फोडताना बरोबर मधोमध फुटलेली करवंटी बाजूला ठेवा. खोबरं काढून धुवा, वाळवा. बाहेरच्या शेंड्या आधी जाड आणि मग बारीक काचपेपरनं घासून काढायच्या. हे काम मुलांना दोन दुपार पुरतं. काचेच्या तुकड्यानं खरवडण्याची जुनी पद्धत आहे, ती मुलांच्या हातात देऊ नये. गुळगुळीत झाली की खोबरेल तेलाचा बोट-बोट हात द्या, काळीभोर चमकू लागते. खाली बैठक म्हणून आपली एक जुनी धातूची बांगडी चिकटवून टाका. तेल लावायच्या आधीच चिकटवायची हं, नाही तर बसत नाही.

रातांब्यांचं सरबत

मे महिन्यात सावंतवाडीच्या बाजारात लालबुंद रातांबे येतात. येताना टोपलीभर आणा, पण प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. घरी आल्यावर धुऊन, पुसून, दोन भाग करून बिया काढायच्या. टरफलांच्या वजनाच्या दुप्पट साखर घ्यायची. प्रत्येक वाटीत साखर भरायची आणि काचेच्या कोरड्या बरणीत रचायची. उरलेली साखर वरून. बरणीला फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवा, रोज हलवा. साखर विरघळून रस सुटला की गाळून, चवीला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून बाटलीत भरा. बरणी उन्हात नेण्या-आणण्याचं काम मुलांकडे द्या. बाटलीवर नाव त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. कामावरून तापून आलेल्या माणसाला मुलानं स्वतः पेला भरून द्यावा, यापरती भेट नाही.

याच धर्तीवर रुमालावरही ती खूण भरता येईल. साधा धावदोरा, नाही तर साखळीटाका. मुलाच्याही हातात सुई द्या, फक्त मुलीच्याच नको.

आपण काय करायचं नाही

आयांसाठी दोन शब्द. वस्तू आपण पुरी करून द्यायची नाही. कड तिरकी आली, रंग ओघळला, तर ओघळू दे. बाबांना सफाई बाजारातही मिळते. दुसरं, 'शेजारच्या मुलीनं किती छान केलं' हे वाक्य तेवढे दिवस बंद. तिसरं, भेट देताना मध्ये बोलायचं नाही. 'अहो, बघा तरी, किती खपलाय तो!' असं आपल्याला म्हणावंसं वाटतं. थांबा. पुरुषांना पटकन बोलता येत नाही, त्यांना थोडा वेळ लागतो.

आणि ज्या घरी बाबा परगावी आहेत, तिथं हे पत्ते टपालानं जाऊ शकतात. वजनाला हलके असतात. कोकणातल्या कितीतरी घरांनी मुंबईच्या चाकरमान्याची वाट बघत वर्षं काढली आहेत, त्यांना याचं मोल सांगायला नको. ज्या घरी बाबा नाहीतच, तिथं मुलांना आजोबांसाठी, मामा-काकांसाठी करू द्या. किंवा बाबांसाठीच करू द्या आणि त्यांच्या फोटोपाशी ठेवू द्या. खूण कोणती हे आईनं सांगावं. त्या निमित्तानं मुलांशी त्यांच्याबद्दल बोलणं होईल, जे एरवी आपण टाळतो.

आमच्याकडे काय झालं

आठ दिवस मुलांनी बाबांवर पाळत ठेवली. धाकट्याच्या यादीत चष्म्याची काडी चावणं, चहा बशीत ओतून पिणं, झोपेत घोरणं अशा बऱ्याच नोंदी होत्या. खूण सापडली ती थोरलीला. एकदा रात्री ती पाणी प्यायला उठली, तेव्हा हे दारात उभे होते. आधी दाराशी काढलेल्या चपलांचे जोड बघितले, एक, दोन, तीन, चार. मग कडी लावली. दुसऱ्या रात्री तिनं मुद्दाम जागून पाहिलं, तर पुन्हा तेच. चार जोड दिसल्याशिवाय कडी लागत नाही.

तेव्हा खूण ठरली, कडी. एक्क्यावर एक कडी, दश्शीवर दहा. धाकट्यानं काढलेल्या काही कड्या विळ्यासारख्या दिसतात. प्रधान मी झाले, हातात झारा घेऊन. राजाचा पत्ता थोरलीनं केला. बाबा खुर्चीवर बसलेत आणि खुर्चीखाली चपलांचे चार जोड.

जूनच्या त्या रविवारी यांनी खोकं उघडलं. एकेक पत्ता हातात घेऊन पाहिला. विळ्यासारखी कडी बघून हसले. राजाच्या पत्त्यावर आले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थोरलीला एवढंच विचारलं, "तू जागी होतीस होय?"

जुलैत ती पुण्याला गेली. तिची एक जुनी चप्पल दाराशी पडली होती, ती मी झाडताना उचलून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी पाहते तर जोड पुन्हा दाराशी, नीट लावून ठेवलेला. मीही मग काही बोलले नाही. चपला तिथंच आहेत.

तेव्हा यंदा सुट्टीचं ठरवताना सावंतवाडीचा विचार जरूर करा. तीन दिवस पुरतात. मे महिन्याच्या शेवटापर्यंत जाऊन या. पुढं पाऊस लागला की रातांबेही संपतात आणि पत्तेही वाळत नाहीत. चितारआळीतून एखादं लाकडी सीताफळ घ्या, बाजारातून रातांबे घ्या, आणि गाडीत बसल्यावर मुलांना सहज विचारा, "आपल्या बाबांची खूण काय रे?" उत्तर लगेच नाही आलं तर घाबरू नका, घरी पोचेपर्यंत वाट बघा. आणि हो, काजू विसरू नका. आमच्या गडबडीत ते राहिलेच असते, मावसबहिणीनं आठवणीनं पिशवीत टाकले म्हणून बरं!